चौथ्या कोपऱ्यावरचं चित्र

कोल्हारच्या पुंजाराम गवंड्याचं अर्धं आयुष्य बांबूच्या उंच परांचीवर गेलं. भिंत काय, कुणीही बांधतो, असं त्याचं मत होतं. तो देवळांच्या माथ्यावर चित्रं बसवायचा. चुन्यात घडवलेला मोर, नंदी, सिंह, भाला घेतलेला भालदार. त्यांना मूर्ती म्हटलेलं त्याला खपत नसे. मूर्ती गाभाऱ्यात बसून नैवेद्य खाते, चित्राला छपरावर बसून ऊन खावं लागतं, असं तो म्हणायचा.

या कामाचं एक वर्म असतं आणि ते त्याला बापाकडून मिळालं होतं. त्याचा बाप गोरक्ष गवंडी. माथ्यावरचं चित्र माणूस खालून बघतो. म्हणून डोकं अंगाच्या मानाने मोठं घ्यायचं, पाय आखूड ठेवायचे आणि सगळं चित्र पुढे झुकवायचं, म्हणजे देवळाच्या पायरीवरच्या माणसाला ते आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. जमिनीवर ठेवलं तर तेच चित्र भोपळ्याला पाय फुटल्यासारखं दिसतं. पुंजारामाची चित्रं अशीच होती. खाली बेढब, वर देखणी.

पण ज्या एका चित्राची गोष्ट त्याने गावोगावच्या पारावर सांगितली, ते त्याने स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. कर्जतच्या अंगाला उंबरओढा म्हणून गाव आहे. तिथल्या भैरोबाच्या सभामंडपाच्या छपरावर चार कोपऱ्यांना चार चित्रं बसवायचं काम गोरक्ष गवंड्याने घेतलं होतं. तेव्हा पुंजाराम एकवीस वर्षांचा. नंदी, मोर आणि भालदार अशी तीन चित्रं त्याने केली आणि हिवतापाने आडवा झाला. यात्रा चार दिवसांवर आली होती. शुद्धीवर आला तेव्हा तो बैलगाडीत होता, घराच्या वाटेवर, आणि बाप सांगत होता, "पोरा, तापात उठून चौथं बी केलंस की! तुला याद न्हाई?"

याद नव्हती. पण तापाने फणफणलेला माणूस उठतो, चुन्यात हात घालतो आणि चित्र उभं करतो, ही गोष्ट काही लहान नाही. चाळीस वर्षं ती सांगून सांगून त्याला घोंगडं फेकून उठलेला आपणच दिसायला लागला होता. फक्त हातातलं चित्र कधी दिसलं नाही. पुन्हा त्या बाजूला जाणं झालं नाही, म्हणून कधी अडलंही नाही.

त्र्याहत्तर सालच्या माघात उंबरओढ्याहून कार्ड आलं. दुष्काळाचं ते सलग तिसरं वर्ष. गावाची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खात होती. कार्डात लिहिलं होतं, की कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे देवळाच्या चौथ्या कोपऱ्यावरचं चित्र पडलं. चित्राचा चुरा झाला, तो रिवाजाप्रमाणे ओढ्यात सोडला. तेव्हापासून पावसाने धड तोंड दाखवलं नाही. कोपरा उघडा आहे म्हणून देव रुसला, असं गावाने ठरवलं आहे. ज्याने चित्र केलं तो माणूस जिवंत आहे असं कळतं, तरी त्याने येऊन चित्र होतं तसंच करून द्यावं. 'होतं तसंच' या शब्दांखाली रेघ ओढलेली होती.

पुंजारामाने कार्ड बायकोला वाचून दाखवलं. राहीबाई तांदूळ निवडावेत तशी मिलोतले खडे निवडत होती. ती म्हणाली, "मंग जा की. तुमीच केल्तं न्हवं?"

"मीच केल्तं," तो म्हणाला. "पर तू बी चल. चुना कोन मळंल?"

चाळीस वर्षं चुना तीच मळत आली होती. भिजवलेला चुना दगडी घाण्यात फिरवायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं, आणि मळून मळून लोण्यासारखा झाला की जिभेला लावून बघायचा. जीभ भाजली तर कच्चा. राहीबाईच्या जिभेवरून गेल्याशिवाय पुंजाराम चुन्याला हात लावत नसे.

एस.टी.ने नगर, तिथून कर्जत, आणि पुढे पायी. देवळाच्या ओवरीत त्यांना जागा दिली. राहीबाईने आल्या आल्या ओढ्याच्या कोरड्या पात्रातून माती उकरून आणली आणि कोपऱ्यात चूल घातली. पुंजाराम बाहेर पायरीवर उभा राहून वर बघत होता. तीन कोपऱ्यांवर त्याची तीन चित्रं होती. नंदीचं एक शिंग गेलं होतं, मोराचा पिसारा काळा पडला होता, तरी तिघेही खाली वाकून त्याच्याकडे बघत होते. चौथ्या कोपऱ्यावर नुसतं आभाळ.

संध्याकाळी खडीवरून माणसं परतली आणि पायरीवर जमली. पोलीस पाटील सूर्यभान, देवळाचा गुरव बन्सी, काठी टेकत आलेली छबूबाई, आणि मागे बरीच जणं.

"तर मिस्त्री," पाटील म्हणाला, "तुमचं चित्र. हुतं तसं."

"हुतं तसं," पुंजाराम म्हणाला. मग खाकरून अगदी सहज विचारलं, "तुमाला कसं याद हाय? न्हाई, म्हंजी इतक्या वर्सांनी गावाला किती याद हाय ते बघावं म्हनलं."

"त्यात याद काय ठेवायची? सिंह हुता."

"पाटील, द्येवाम्होरं खोटं बोलू नगा," बन्सी गुरव म्हणाला. "कुत्रं हुतं. भैरोबाचं वाहन काय? कुत्रं. मी रोज दिवा लावतो, मला ठावं न्हाई?"

"दिवा तू खाली लावतूस. वर कवा बघितलंस?"

"दोगं बी आंधळे," छबूबाई म्हणाली. "बाई हुती ती. पाठीवर वेणी हुती चांगली पेडाची. मी या गावात नांदाया आले तवापासून बघितली."

"आन मिशा?" मागून एकजण ओरडला. "बाईला मिशा हुत्या व्हय, आजे? फौजदार हुता त्यो!"

हशा झाला. पुंजारामही हसला. सिंह म्हणावा तर वेणी, बाई म्हणावी तर मिशा, आणि फौजदार भैरोबाच्या छपरावर बसून करणार काय?

"सांगा की मिस्त्री," पाटील म्हणाला. "तुमी केलंय. काय हुतं?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आठवत नाही असं म्हणावं, तर तापात उठून काम करणारा गवंडी तिथेच मेला असता. राहीबाई ओवरीच्या दारात उभी होती, तिचंही तोंड त्याच्याकडे होतं.

"चित्र झाल्यावर बघा," तो म्हणाला. "आधी सांगायची आमची रीत न्हाई."

अशी कुठलीच रीत नव्हती.

त्याने विचार केला, की बापाने चौथ्या कोपऱ्याला सिंहच योजलेला असणार. तो नेहमी सिंहच योजायचा. तेव्हा त्याने ओवरीपुढे लोखंडी सळई रोवली, विटांच्या तुकड्यांचा गाभा बांधला आणि सिंह घडवायला घेतला. आठ दिवस खपला. मोठं डोकं, आखूड पाय, पुढे झोक. जन्मात केला नव्हता असा सिंह झाला. नवव्या दिवशी लोक आले, त्याच्याभोवती फिरले, पायरीवर उकिडवे बसून खालून बघितला.

"झकास हाय," पाटील म्हणाला. "पर ह्यो त्यो न्हाई."

"तुमीच सिंह म्हनला हुता."

"सिंहच हुता. पर असा न्हाई. ह्यो खाली बघतोय."

"खालीच बघनार की. माथ्यावरचं चित्र—"

"न्हाई, न्हाई," बन्सी म्हणाला, आणि पहिल्यांदाच पाटलाच्या बाजूने बोलला. "ते वर बघायचं. आभाळाकडं."

छबूबाईने मान हलवली. "ढग बघायची ती. म्हून तर आमाला तिची काळजी. वर बघनारं कुनी ऱ्हायलंच न्हाई."

कुत्रं म्हणणारे, सिंह म्हणणारे, फौजदार म्हणणारे सगळे या एका गोष्टीवर एक झाले. चित्र वर बघत होतं. पुंजाराम गोंधळून गेला. ज्याला वर्म ठाऊक आहे तो गवंडी आभाळाकडे तोंड केलेलं चित्र करणारच नाही. ज्याने करायचं कसं ते कधी शिकलंच नाही, जमिनीवर मांडी घालून समोरासमोर घडवलं आणि तसंच वर ठेवलं, त्याचंच तोंड असं आभाळाकडे जाईल. ताप असला म्हणून हात काय बापाची शिकवण विसरतो?

दुसऱ्या दिवशी गाव खडीवर गेल्यावर तो परांचीवर चढला. गुडघे कुरकुरले. चौथ्या कोपऱ्याच्या बैठकीवर गंजलेली सळई होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना चित्राचे तुटके पाय चिकटून राहिले होते. तो त्यांच्याशेजारी बसला. पायांना नख्या कोरलेल्या नव्हत्या. चुना आतल्या विटांना धरून राहावा म्हणून पायांच्या कडेने अंगठा दाबत नेला होता. एक खड्डा सरळ, एक तिरपा, एक सरळ, एक तिरपा. कोरणी नाही, थापी नाही, नुसता अंगठा. त्याने आपला अंगठा एका खड्ड्यात घालून बघितला. मावेना. दुसऱ्यात घालून बघितला. तिथेही मावेना.

तापाने माणूस वाळतो हे खरं. पण अंगठा वाळतो का?

तो उन्हात तसाच बसून राहिला. सावली देवळाच्या मागे गेली तेव्हा खालून राहीबाईने हाक मारली, "अवो, उतरा की! का तुमीच बसताय कोपऱ्यावर?"

तो उतरला. ओवरीत जाऊन चुलीपुढे बसला. तिने परातीत पीठ घेतलं होतं. मिलोची भाकरी थापताना फुटते, म्हणून ती हलक्या हाताने थापत होती. पुंजारामाची नजर चुलीवर गेली. आल्या दिवसापासून तो त्या चुलीवरचं खात होता. चुलीला भांडं टेकायचे तीन खूर होते, आणि खूर जिथे चुलीला जोडले होते तिथे कडेने अंगठा दाबत नेलेला होता. एक खड्डा सरळ, एक तिरपा, एक सरळ, एक तिरपा.

कोल्हारच्या घरातली चूल अशीच होती. कणगीची कड अशीच होती. लग्न झाल्यापासून त्याच्या घरात अशीच चूल होती.

"राहे," तो म्हणाला. "ते कोनी केलं?"

"काय?"

"वरचं."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तुमी मला अंगठा दावताय का भाकरी मागताय?"

त्याचा अंगठा अजून पुढेच होता. त्याने तो मुठीत घेतला.

"मामंजी चुना आनाया गेल्ते," ती म्हणाली. "तुमी त्या कोपऱ्यात निपचित. मळलेला चुना वाळत चालला हुता. मला रडू यायचं. मंग म्हनलं, बसून काय करू. घातला हात. सोळा वर्सांची हुते मी."

"आन बा?"

"मामंजी आले, लई येळ उभं ऱ्हायले. मंग शपथ घातली. बाईचा हात द्येवळाच्या माथ्याला लागला म्हनून कळलं तर यात्रा मोडंल, म्हनले. पुंजानं तापात केलं म्हनू. आन त्यांनीच वर चढून बसवलं."

"मला बी सांगितलं न्हाईस?"

"किती येळा तोंडाशी आलं. पर तुमी ती गोष्ट सांगाया लागला की तुमचं तोंड असं उजळायचं. कसं सांगू?"

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती काढली आणि आपल्या ताटात ठेवली. पुंजारामाला राग यायला हवा होता. त्याने राग शोधला. सापडला तो धड रागही नव्हता. चाळीस वर्षं त्याने पारावर बसून सांगितलं होतं, आणि ही मागे चुन्याची पाटी घेऊन उभी राहून ऐकत होती. हसत असेल का? तिने कधी हसू दाखवलं नव्हतं.

"आनखी किती केलीस?"

"येड लागलं का तुमाला? एकच."

त्याला ते खरं वाटलं आणि खोटंही वाटलं.

मग त्याने विचारलं, "पर हुतं काय ते?"

"सिंह."

"वेणीचा?"

"सिंह म्या कुठं बघितला हुता? मामंजी म्हनले हुते, मोठ्या कुत्र्यागत असतो, मानंवर क्यास असत्यात. मंग अंग आपल्या काळ्या कुत्र्याचं घेतलं. क्यास म्हनले, मंग मोकळे कसे सोडू? वेणी घातली."

"आन मिशा?"

आता ती चुलीतली लाकडं नीट करायला लागली. "त्वांड काय जमंना. म्होरं तुमी निजला हुता. मंग बघून बघून तुमचंच केलं."

पुंजारामाने मिशीवर हात ठेवला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मी करते पुन्हा. तुमी गोणपाट बांधा, म्हनावं, कच्चं चित्र कुनी बघायचं न्हाई. नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या. चाळीस वर्सं ऱ्हायलंच हाय की."

तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पण सकाळी त्याने गोणपाट बांधलं आणि सिंहाचा चुना फोडून काढला. पुढचे दिवस ओवरीत उलटा कारभार चालला. ती घडवायची आणि तो मळायचा. ती बोट घालून बघायची आणि म्हणायची, "गुठळ्या ऱ्हायल्या. आनखी मळा." तो मळायचा. एकदा न राहवून म्हणाला, "डोकं मोठं घे. आन थोडं म्होरं झुकव." तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला गावाचं म्हणणं आठवलं. "न्हाई, ऱ्हाऊ दे. वरच बघू दे."

चेहऱ्यावर आली तेव्हा तिने त्याला समोर बसवलं. "आता म्हाताऱ्याचं करू का तवाचं?"

"हुतं तसं, म्हनलंय गावानं."

"मंग डोळे झाका. तवा झाकलेले हुते."

डोळे मिटून बसल्यावर त्याला तिचे हात चुन्यावर फिरल्याचा ओला आवाज येत होता. त्याच्या मनात आलं, झाकल्या डोळ्यांचं चित्र ढग बघतं, असं सगळा गाव मानत होता. आणि आपण उघड्या डोळ्यांनी चाळीस वर्षं काय बघितलं?

सोमवारी पाटलाच्या चार गड्यांनी दोरांनी चित्र वर ओढलं. पुंजारामाने ते बैठकीवर बसवलं आणि कडेने चुना भरला. अंगठ्याचे खड्डे तिने खालीच दाबून ठेवले होते, पण जोडावर एक जागा उरली होती. तिथे त्याने अंगठा दाबला, एक सरळ, एक तिरपा. तिरपा चुकला. त्याने तो तसाच राहू दिला.

खाली गाव वर बघत होतं.

"हाच!" पाटील म्हणाला. "हाच सिंह."

"कुत्रं," बन्सी म्हणाला, "जसंच्या तसं," आणि त्याने हात जोडले.

"वेणी बघ, मेल्या," छबूबाईने त्याला काठीने ढोसलं.

मागून कुणीतरी फौजदाराला सलाम ठोकला. कुणाचंच मत बदललं नव्हतं, आणि सगळेच खूश होते.

काम पुरं झालं की करणाऱ्याला फेटा बांधायचा, ही मात्र खरी रीत. पाटलाने ताटात गुलाबी फेटा आणि नारळ आणला. त्या सालात तो कुठून पैदा केला असेल, देव जाणे. पुंजाराम परांचीवरून उतरला, हातपाय धुतले आणि पाटलापुढे उभा राहिला. त्याने मुंडासं काढून काखेत धरलं. पाटलाने फेट्याचं एक टोक त्याच्या कपाळाला लावलं.

पुंजारामाला वाटलं, आता मान खाली घालावी, म्हणजे झालं. मान त्याने घातलीही. पण तोंडातून भलतंच आलं.

"पाटील, लुगडं न्हाई का?"

"आं?"

"फेटा नगं. लुगडं लागतंय."

"कुनाला?"

"चित्र केलं तिला."

पाटलाचा हात तसाच राहिला. गुरवाने वर बघितलं, मग पुंजारामाकडे, मग ओवरीकडे. राहीबाई भांडी गोणपाटात बांधत होती. तिच्या हातातली कळशी निसटली आणि फरशीवर गडगडत गेली.

"आन पयलं?" बन्सीने हळूच विचारलं. "चाळीस सालामागं?"

"ते बी. मी तापात निजलो हुतो. उठलो न्हवतो." त्याने कपाळावरचं फेट्याचं टोक बाजूला केलं. "मी सांगत आलो ते झूट. मला बी ठावं न्हवतं."

आता काय करायचं ते कुणालाच कळेना. बाईचा हात माथ्याला लागला म्हणून देव रुसला म्हणावं, तर बाईचा हात होता तोवर पाऊस येत होता. चित्र उतरवावं, तर पडलं तेव्हापासूनच पाऊस दुरावला. बन्सीने घंटेला हात घातला, पण वाजवली नाही. राहीबाई दात आवळून पुंजारामाला म्हणाली, "काय गरज हुती? कुनी इचारलं हुतं?"

"न्हाई," तो म्हणाला. "कुनी न्हाई इचारलं." आणि आपण का बोललो ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

छबूबाई काठी टेकत घराकडे गेली. ती रागाने गेली असं सगळ्यांना वाटलं. पण ती परत आली, तेव्हा तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती.

"लुगडं न्हाई बाई कुनाच्या घरात," ती राहीबाईला म्हणाली. "ह्या सालात अंगावरचं तेवढंच. ये, वटी घे."

राहीबाई पुढे येईना. तेव्हा म्हातारीनेच पायरी चढून तिच्या कपाळाला कुंकू टेकवलं. मग ताटातला नारळ पाटलाला न विचारता उचलला, तिच्या पदरात घातला, आणि गाठ सोडून त्यावर पाच मुठी लाल मिलो ओतली. राहीबाईने पदर दोन्ही हातांनी धरला होता. ओंजळभरच धान्य ते, पण फार जड असल्यासारखी ती वाकली होती.

फेटा पाटलाच्या हातातच राहिला. पुंजाराम उघड्या डोक्याने उभा होता. मुंडासं काखेत होतं, ते परत डोक्याला बांधावं की थांबावं, हे त्याला समजत नव्हतं, आणि कुणी सांगतही नव्हतं.